बॉबिन केस

पोलीस ठाण्यातल्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षात मी समाजकार्यकर्ती म्हणून काम करते. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या साहाय्याने १९८४ मध्ये असा पहिला कक्ष सुरू केला आणि नंतर हे काम जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. माझे टेबल ठाण्यात असले तरी मी पोलीस नाही, हे समोर बसणाऱ्या प्रत्येक बाईला मला आधी सांगावे लागते.

गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका बाईने बसल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदींचे कागद, काढून टेबलावर ठेवल्या. तिन्ही नोंदी एकाच नवऱ्याविरुद्ध होत्या आणि तीन वेगवेगळ्या अंमलदारांनी त्या घेतल्या होत्या. साध्या मारहाणीचा गुन्हा अदखलपात्र असल्यामुळे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही, हे खरे आहे. परंतु तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचले असते, तर हा पतीकडून होणारा छळ आहे आणि छळाचा गुन्हा दखलपात्र आहे, हे कोणाच्याही ध्यानात आले असते. तसे ते कोणी वाचले नव्हते. हवालदारांना कामाचा रेटा असतो हे मी रोज पाहते, पण 'घरगुती मामला' हे दोन शब्द उच्चारले की वाचण्याचे कष्ट वाचतात, हेही मी रोजच पाहते.

तिला काय हवे आहे, असे मी विचारले. ती म्हणाली, "ताई, केसचं नंतर बघू. आधी माझं मशीन आणून द्या." ते उषाचे पायाचे शिलाई मशीन होते. लग्नानंतर ब्लाऊज शिवून साठवलेल्या पैशांतून तिने ते घेतले होते, पण दुकानातली पावती नवऱ्याच्या नावाने फाडलेली होती. माहेरी राहून पोट भरायचे तर ते मशीन हाताशी असणे भाग होते.

सामान परत आणण्याच्या कामाला बाहेरचे लोक हमालीचे काम समजतात. खरे काम असते ते यादीचे. 'तुझे काय काय आहे?' असे विचारले की बायका दागिने सांगतात आणि थांबतात. म्हणून मी त्यांना डोळे मिटून उंबऱ्यातून आत यायला सांगते. डाव्या हाताला काय आहे, फळीवर काय आहे, पलंगाखाली काय आहे, असे विचारत घरभर फिरवते. अशा रीतीने तिची यादी सदुसष्ट वस्तूंवर गेली आणि तिच्या मुलीचा शाळेचा दाखला गव्हाच्या कोठीमागच्या पत्र्याच्या पेटीत आहे, हेही तिला त्याच वेळी आठवले. आंदणाच्या भांड्यांवर नाव घालण्याची आपली पद्धत या कामी फार उपयोगी पडते, कारण 'मामाकडून सप्रेम भेट' असे कोरलेल्या परातीवर सासरचे कोणी हक्क सांगू शकत नाही. यादीच्या तीन प्रती असतात, प्रत्येक वस्तूपुढे 'मिळाली' किंवा 'मिळाली नाही' असे लिहायचे असते आणि शेवटी 'माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही' हे वाक्य कोणालाही लिहू द्यायचे नसते. स्त्रीधनावर पत्नीचाच पूर्ण हक्क असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले आहे; तरीही ते देताना तक्रार मागे घेण्याचा सौदा जवळजवळ प्रत्येक घरी मांडला जातो.

त्या दिवशी ठाणे दैनंदिनीत नोंद करून आम्ही एका हवालदारांसह टेम्पोने गावी गेलो. पोलीस पाटील आले होते आणि शेजारच्या ओट्यांवर माणसे बसली होती. पावती दाखवत नवरा बराच वेळ भांडला. पोलीस पाटलांनी समजावल्यावर मशीन बाहेर आले. ते टेम्पोत चढवण्याआधी तिने खाली वाकून सरकपट्टी ओढली, आत बोट घातले आणि ती तशीच उभी राहिली. बॉबिन केस जागेवर नव्हती.

खालचा दोरा धरणारी ही अंगठ्याएवढी लोखंडी डबी बाजारात सहज मिळते. हवालदार म्हणाले, "मॅडम, एवढ्याशा वस्तूसाठी किती थांबायचं?" मी थांबले. बॉबिन केसशिवाय एक टाकाही पडत नाही, हे घरातल्या ज्या कोणी ती काढली त्या माणसाला पक्के ठाऊक होते, म्हणूनच ती यादीवर 'मिळाली' अशी नोंद झाल्याखेरीज निघायचे नाही, असे मी ठरवले. नवऱ्याने खांदे उडवले. त्याला बॉबिन केस म्हणजे काय हेच माहीत नसावे.

थोड्या वेळाने सासूबाई चुलीपासून उठल्या, त्यांनी पदराची गाठ दातांनी सोडली आणि बॉबिन केस माझ्या हातावर ठेवली. "ती परत येईल म्हणून ठेवली हुती," एवढेच त्या म्हणाल्या. हात पुढे करताना बांगड्या मागे सरकल्या आणि मनगटावर पिवळट हिरवा पडत चाललेला एक जुना वळ मला दिसला. मी तो पाहिला, यादीवर 'मिळाली' असे लिहिले आणि सह्या घेतल्या.

टेम्पोत मी तिला वळाबद्दल विचारले. मांडीवरचे डबे सावरत ती म्हणाली, "आत्यांनाबी मारतो की. माझ्यावर हात उचलला की त्या मधी पडायच्या. तुम्ही कधी विचारलंच न्हाई."

आमच्या चार बैठका झाल्या होत्या आणि मी खरोखरच विचारले नव्हते. गव्हाच्या कोठीमागची पेटी मी शोधून काढली, पण त्या घरात मार खाणारी दुसरी बाई मला दिसली नाही, कारण माझ्या वहीत तिचे नाव 'सासरची मंडळी' या मथळ्याखाली लिहिलेले होते. सून गेल्यावर त्या घरात एकट्या उरतील आणि तो हात आता त्यांच्यावरच पडेल, हे त्यांना माझ्या आधी कळले होते. त्यांनी मशीन अडवले ते दुष्टाव्याने की भीतीने, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेले. २००५ चा घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा आईलाही मुलाविरुद्ध अर्ज करू देतो, हे मी त्यांना सोप्या शब्दांत सांगितले. त्यांनी चहा केला, सुनेचे शिवण चालते का, नातीला शाळेत घेतले का, हे विचारले आणि स्वतःबद्दल इतकेच म्हणाल्या, "मी गेले तर त्याला भाकरी कोण घालंल?" अर्ज करा, असा आग्रह मी धरला नाही. अंगणवाडीच्या ताईंचे घर तीन घरे सोडून आहे; रात्री-अपरात्री त्यांचे दार वाजवायचे, एवढे आमचे ठरले आणि अंगणवाडीच्या ताईंशीही मी तसे बोलून आले.

आता पहिल्याच बैठकीत मी प्रत्येक बाईला विचारते की त्या घरात तो आणखी कोणाला मारतो. सासूबाईंच्या नावाने वहीत वेगळे पान केले आहे. त्यावर आतापर्यंत तीन भेटींच्या तारखा आहेत. गुरुवारी बाजार असल्यामुळे मुलगा दुपारभर घरी नसतो, म्हणून मी गुरुवारीच जाते. येत्या गुरुवारी त्यांच्या मापाचा एक ब्लाऊज न्यायचा आहे. सुनेने तो शिवून माझ्या टेबलावर ठेवला आहे.