आज ४८६ पुन्हा सुरू झाला
माळ्यावर पडून असलेला, ४८६ प्रोसेसरचा जुना संगणक आज अखेर सुरू झाला. मदरबोर्डवरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून शेजारच्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडल्या होत्या; ती काढून, व्हिनेगरच्या बोळ्याने थर पुसून आणि तुटलेली एक रेषा बारीक तारेने जोडल्यावरच पडद्यावर मेमरी मोजणारे आकडे धावू लागले.

खरी कसोटी त्यातल्या फायली लॅपटॉपवर आणण्याची होती. जुन्या फ्लॉपींनी नुसतीच खरखर केल्यामुळे दोन्ही यंत्रे नल मोडेम केबलने (मोडेमशिवाय दोन संगणक थेट जोडणाऱ्या तारेने) जोडली. लॅपटॉपला त्या केबलसाठी लागणारा जुना सिरियल पोर्टच नसल्याने मध्ये यूएसबी अडॅप्टर आला. १,१५,२०० बॉडला (म्हणजे सेकंदाला तेवढे बिट पाठवण्याच्या वेगाला) अक्षरे गळत होती, आणि जुन्या संगणकाच्या सिरियल कार्डावरची चिप पाहिली तर १६४५० निघाली, म्हणजे आलेली अक्षरे तात्पुरती साठवणारा १६ बाइटांचा बफर नसलेली. मुकाट्याने ९६०० वर उतरलो. त्या वेगाने सेकंदाला फार तर ९६० बाइट जातात, त्यामुळे एका १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीएवढा मजकूर यायला अर्धा तास गेला, आणि मी (सगळी कामे सोडून) तो आकडा वाढताना पाहत बसलो.

काही फायलींच्या शेवटी एक अनोळखी चौकोन दिसतो; ते डॉसचे फाइल संपल्याचे जुने चिन्ह. ते मी पुसलेले नाही.