चित्रकलेच्या वर्गातली तिकिटं

अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा शाळेतून निरोप आला आणि मी त्याच रात्री कागद घेऊन बसलो. स्नेहसंमेलनं, कबड्डीच्या ढाली, पंधरा ऑगस्टचं संचलन, हे सगळं यायला हवं खरं. ते बाकीचे लिहितीलच. मला लिहायचं आहे आमच्या चित्रकलेच्या सरांबद्दल.

शनिवारची सकाळची शाळा सुटली तरी चित्रकलेचा वर्ग उघडा असे. आपली शाळा नाशिकरोडची, त्यामुळे निम्म्या मुलांच्या घरातलं कुणी ना कुणी प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी छापखान्यात. भोंगा झाला की आमची घड्याळं लागत. पण वडील रोज जिथे कामाला जातात तिथे १९२६ पासून देशाची टपाल तिकिटं छापली जातात, त्याआधी ती लंडनहून छापून येत, हे मला घरी कळलं नव्हतं. ते सरांनी सांगितलं, आणि हातात पहिल्यांदा भिंगही त्यांनीच दिलं.

सरांपुढे तिकीट ठेवलं की ‘रंग कोणता’ हा प्रश्न शेवटी येई. आधी कागद. मग छपाई: भिंगाखाली बारीक ठिपक्यांची जाळी दिसते का, की रेषेच्या कडेला शाई साचून गडद किनार झाली आहे? बोटाला शाई उंच लागते का? मग तिकिटाच्या कडेचे दाते मोजायचे, दोन सेंटिमीटरमध्ये किती बसतात ते. मग पाणचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटलेली फिकट खूण. एवढं झाल्यावर सर उत्तरेच्या खिडकीशी नेत, कारण तिथे थेट ऊन सहसा येत नसे. काळ्या पुठ्ठ्याला दोन सारखी भोकं पाडलेली असत. दोन तिकिटं त्याखाली शेजारीशेजारी सरकवायची आणि मगच बोलायचं. भोवतालचा पांढरा कागद आणि शिक्क्याची शाई डोळ्याला फसवते, म्हणून तो पुठ्ठा.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. माझ्या बाकावरच्या मित्राला घरच्या जुन्या पाकिटांत एक तिकीट सापडलं. एरवी ते हिरवं असे, त्याचं मात्र स्वच्छ निळं होतं. स्वीडनचं १८५५ चं तीन स्किलिंगचं तिकीट निळसर हिरव्याऐवजी चुकून पिवळ्या रंगात छापलं गेलं आणि जगातल्या सर्वांत महागड्या तिकिटांपैकी एक ठरलं, ही गोष्ट सरांनीच सांगितलेली. त्यामुळे वर्गात केवढी खळबळ! सरांनी निळं तिकीट पाहिलं, पाठ पाहिली, मान हलवली आणि काहीच निकाल दिला नाही. त्याच मालिकेतलं एक साधं हिरवं तिकीट काढून त्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला आणि भरपूर ऊन येणाऱ्या खिडकीच्या काचेवर चिकटवलं. “उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर बघू.”

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी आम्ही प्रार्थना संपताच वर्गाकडे पळालो. काळा कागद काढला. झाकलेला अर्धा हिरवा, उघडा अर्धा निळसर. हिरव्या शाईतला पिवळा उन्हाने खाल्ला होता, निळा मागे उरला होता. सर मित्राला म्हणाले, “तुझं तिकीट खोटं नाही. फक्त ते प्रेसमध्ये निळं झालेलं नाही, नंतर झालेलं आहे.” मग दोन्ही तिकिटं त्याच्याच वहीत एका पानावर लावून खाली स्वतःच्या अक्षरात नोंद केली. एका वाक्यात मिटवता आलं असतं त्यासाठी त्यांनी मुलांना दोन महिने वाट पाहू दिली आणि त्या मुलाचा मान राखला. असा शिक्षक मी पुन्हा पाहिला नाही.

पुढे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतून हायड्रोजन पेरॉक्साइड आणून काळवंडलेलं नारिंगी तिकीट पुन्हा उजळूनही त्यांनी दाखवलं. शाईतलं शिसं हवेतल्या गंधकाच्या वायूने काळं पडतं. कॅटलॉगात अशा तपकिरी ‘छटे’ला जागा नसते.

छापतानाच झालेला फरक कसा असतो, हे शिकवायला त्यांच्याकडे १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतलं एक आण्याचं बोधिसत्त्वाचं तिकीट होतं. पहिल्या छपाईत मूर्ती आरशात दिसावी तशी उलटी आली होती. जुलै १९५० मध्ये ती सुलट करून नवं तिकीट निघालं. दोन्ही शेजारी ठेवून सर गप्प बसत. सांगायचं आम्ही. १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटाचं चित्र ते फळ्यावर दोन खडूंनी काढत. लाल चौकट आणि निळं राणीचं मस्तक वेगवेगळं छापलं जाई, म्हणून काही थोड्या तिकिटांवर मस्तक चौकटीत उलटं बसलं. रंग किती वेळा कागदावर आला हे कळलं की चूक कुठे होऊ शकते तेही कळतं.

माझा स्वतःचा संग्रह १ एप्रिल १९५७ ला नव्या पैशांबरोबर आलेल्या भारताच्या नकाशाच्या मालिकेचा आहे. वरून पाहता तीच तिकिटं. पण सुरुवातीच्या कागदात ताऱ्यांचं पाणचिन्ह आहे, १९५८ पासून अशोकस्तंभाचं येऊ लागतं. काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवून पेट्रोलियम बेंझिनचे दोन थेंब टाकले की ते दिसतं. त्या फरकांवर मांडलेल्या माझ्या फ्रेम्सना राज्यस्तरीय प्रदर्शनात रौप्यपदक मिळालं. पदक हातात आलं तेव्हा सर हयात नव्हते, याचं दुःख आजही आहे.

माझी पोटापाण्याची विद्याही त्यांचीच. पुण्यात वेष्टनं छापणाऱ्या कारखान्यात मी रंग जुळवण्याचा विभाग सांभाळला. ट्यूबलाइटखाली तंतोतंत जुळलेले दोन लाल दिवसाच्या उजेडात वेगळे निघतात, हे नवी मुलं यंत्रावर शिकतात. मी ते सातवीत शिकलो होतो.

मागच्या वर्षी शाळेत आलो तर चित्रकलेच्या वर्गात संगणक मांडलेले. संगणक हवेतच. पण खिडक्यांना काळे पडदे पाहून जीव कळवळला. घरी येणाऱ्या पाकिटांवरही आता तिकिटाऐवजी छापील पट्टीच जास्त असते. मुलांना तिकीट दिसणार कुठून?

मुख्याध्यापिकाबाईंशी बोललो आहे आणि त्यांनी आनंदाने होकार दिला आहे. जूनपासून महिन्यातल्या एका शनिवारी मी शाळेत येईन. भिंगं, चिमटे, दाते मोजायची पट्टी आणि कॅटलॉग माझ्याकडून. माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती आहे: घरात जुनी पत्रं असतील तर तिकिटं पाण्यात भिजवून सोडवू नका, पाकिटासकट आणून द्या. त्यावरच्या शिक्क्याची तारीख वाचता आली, तर ती छटा कोणत्या छपाईची हे मुलांना स्वतः शोधता येईल.