बॉडीला शॉकअप नसतो

जॅकने उचललेलं पुढचं डावं चाक जमिनीपासून चार बोटं वर होतं आणि डिकी बंद होत नव्हती. गाडी खाली घेतली की व्यवस्थित लागायची, पुन्हा उचलली की लॉक खाचेच्या कडेवर आपटायचं. मी तीनदा करून पाहिलं. त्याआधीचे दोन महिने स्प्रिंगांच्या मागे घालवले होते, आणि दुखणं स्प्रिंगांत नव्हतंच.

गाडी बाबांची. १९९१ सालची, तीन दारांची छोटी हॅचबॅक, १३ इंची चाकं, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे ट्विस्ट बीम (मागची दोन चाकं जोडणारा, पिळू शकणारा आडवा दांडा). मी हिच्यावरच चालवायला शिकले. वळणात ती बरीच कलायची, म्हणून ३५ मिलिमीटर खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉकअप आणि पुढे १८ ऐवजी २० मिलिमीटरचा अँटी-रोल बार, म्हणजे कलणं कमी करायला डावी-उजवी बाजू जोडणारा दांडा, बसवला. बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे त्या २ मिलिमीटरने तो दीडपट झाला.

गुळगुळीत रस्त्यावर गाडी छान वाटली. खराब रस्त्यावर मात्र आधीपेक्षा वाईट. एका चाकाखाली खड्डा आला की धक्का संपल्यावरही स्टिअरिंगमध्ये थरथर उरायची. डॅशबोर्ड किरकिरायचा. वळणात आधी नाक वळायचं, आणि मागचा भाग क्षणभर विचार करून मग यायचा. ते मला सगळ्यात जास्त खटकलं. मी शॉकअप तपासले, टायरमधली हवा कमीजास्त केली, दोनदा व्हील अलाइनमेंट करून घेतलं. फरक शून्य.

वेल्डिंग करणाऱ्या मित्राला हे सांगितलं, तर त्याचा पहिला प्रश्न होता, "दारांच्या फटी मोजल्यास का गं?" नव्हत्या मोजल्या. म्हणून तो जॅक.

हिच्यासारख्या गाडीला वेगळी चासी नसते. १९२२ च्या लान्सिया लॅम्ब्डापासून रुळत गेलेली ही पद्धत: बॉडीच भार पेलते, पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून सांगाडा होतो. पुठ्ठ्याचा खोका झाकण लावून पिळून पाहा, मग झाकण काढून पिळा; झाकणाविना तो सहज पिळतो. हॅचबॅकला मागे डिकीचं भलंमोठं भोक, बाजूंना लांब दारांची भोकं. त्यात माझ्या गाडीची पुढची काच रबरात बसवलेली आहे. काच बॉडीला चिकटवलेली असली की काचसुद्धा पीळ अडवते. रबरातल्या काचेकडून तेवढी मदत मिळत नाही. आजच्या अनेक गाड्यांची बॉडी एक अंश पिळायला २० हजार न्यूटन-मीटरहून जास्त जोर लागतो. त्या काळच्या छोट्या गाड्या याच्या आसपासही नव्हत्या.

आता चाकाची स्प्रिंग आणि बॉडी या एकामागे एक जोडलेल्या दोन स्प्रिंगा आहेत असं समजा. जोर एकच असतो, पण जी मऊ ती जास्त वाकते. मूळ स्प्रिंगा इतक्या मऊ होत्या की सगळी हालचाल त्याच करायच्या आणि बॉडी शांत राहायची. मी स्प्रिंगा कडक केल्या, बार जाड केला, आणि हालचालीतला वाटा बॉडीकडे ढकलला. स्प्रिंगेची उसळी जिरवायला शॉकअप असतो. बॉडीची उसळी जिरवायला काहीच नसतं. माझ्या हाताला जाणवणारी थरथर तिथून येत होती. नवे शॉकअप कितीही चांगले असले तरी बॉडीचा पीळ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही, इतकं ते साधं होतं.

मग नीट मोजायला घेतलं. दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर सरकणाऱ्या केल्या आणि डिकीच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले. सपाट जमिनीवर फरक १ मिलिमीटरच्या आत. पुढचा डावा कोपरा उचलल्यावर साडेतीन. दार आणि बॉडी यांच्या फटीवर कागदी टेप लावून ब्लेडने मधोमध कापला आणि दोन्ही तुकड्यांवर पेन्सिलीने समोरासमोर रेघ मारली. गाडी उचलली की रेघा एकमेकींपासून सरकायच्या. उजव्या बाजूला थोड्या, डाव्या बाजूला दुपटीहून जास्त. (हे करताना कुणी गाडीखाली जायचं नाही, आणि मोजायच्या कोपऱ्याशेजारी जॅकस्टँड हवाच.)

डाव्या बाजूचं कार्पेट उचललं. दाराखालचा उंबरा, म्हणजे पुढून मागे जाणारी लांब पोकळ पेटी, आतून गंजली होती. पाणी निघून जायची भोकं मातीने बुजलेली. पेटीच्या खालच्या सांध्याचा हातभर पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने सरळ आत गेला. पेटी उघडी पडली की ती पेटी राहत नाही, नुसता वाकवलेला पत्रा होतो, आणि पिळाच्या बाबतीत या दोहोंत कित्येक पटींचं अंतर असतं.

मित्राने सडका भाग कापून मूळ जाडीचाच पत्रा घातला. मला त्याची एक गोष्ट फार आवडली. कापण्याआधी त्याने गाडी चारही बाजूंनी टेकू देऊन समतल केली, दारं जागेवरच ठेवली आणि प्रत्येक टाक्यानंतर फट पाहिली. पिळलेली बॉडी तशीच वेल्ड केली तर तो पीळ कायमचा होतो. दोन स्पॉट वेल्डच्या (पत्रे जोडणाऱ्या ठिपक्यांच्या) मधल्या जागाही शिवून घ्यायच्या का, असं मी विचारलं. "नको," तो म्हणाला, "तिथला गंजरोधक थर आतून जळेल आणि पुन्हा लावायला हात पोचणार नाही." मला पटलं.

पुढच्या दोन स्ट्रटांच्या माथ्यांना जोडणारा आडवा बारही लावला. मधे बिजागरी नसलेला, एकसंध घेतला. थोडा उपयोग झाला, पण त्याच्याबद्दल लोक सांगतात तेवढा नाही.

त्या ३५ मिलिमीटरच्या स्प्रिंगा मी काढल्या. मॅकफर्सनची गाडी खाली बसवली की लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) चाकाकडे वर चढतो आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. दोहोंतलं अंतर वाढलं की कलायला जोर जास्त मिळतो, म्हणजे कडक स्प्रिंगेची काही कमाई तिथेच जाते. शिवाय टाय रॉडचा (स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो आणि खड्ड्यात चाक आपोआप वळायला बघतं. आता मूळ उंचीच्या, जराशा कडक स्प्रिंगा आहेत. शॉकअप तेच ठेवले, जाड बार काढून १८ चा पुन्हा लावला.

सस्पेन्शनमध्ये खरा फरक बुशांनी, म्हणजे सांध्यांमधल्या रबरी नळ्यांनी पाडला. लोअर आर्मचे जुने रबरी बुश बोटाने दाबले तर भेगा उघडत होत्या. पॉलियुरेथेनच्या कडक बुशांचा मोह झाला, पण ट्विस्ट बीमच्या बुशांना एकाच वेळी अनेक दिशांनी थोडं थोडं लवचीक राहावं लागतं, म्हणून पुढे-मागे दोन्हीकडे रबरच घातलं. आणि बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उभी करून. चाकं लोंबकळत असताना आवळले तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पहिल्या वेळी एका गॅरेजने माझ्या गाडीचे बुश तसेच लोंबत्या चाकांवर आवळले होते, आणि वर्षभरात त्यांचे तुकडे झाले.

आता तोच कोपरा उचलला की कर्णांतला फरक दीड मिलिमीटर येतो आणि डिकी लागते. त्या खराब रस्त्यावर धक्का बसतो आणि संपतो. वळणात मागचा भाग नाकाबरोबरच येतो.

उजवा उंबरा अजून शाबूत आहे. त्याची भोकं तारेने साफ केली आणि आत मेण फवारलं. दारावरचे पेन्सिलच्या रेघांचे टेप मी काढलेले नाहीत. पुढच्या वर्षी याच महिन्यात पुन्हा जॅक लावून बघायचं आहे.