लॉन वाहून गेलं, झुडपं जागेवर

मी लँडस्केपची कामं घेतो, पावसाळ्यात चिखल आला, भिंत फुगली असे फोन येतातच, पण गेल्या जूनमध्ये पुण्यात बावधनच्या एका सोसायटीत जे बघितलं ते इथे लिहायलाच हवं.

सोसायटीच्या मागे टेकडी कापून केलेला उतार आहे, चांगला दोन मजले उंच. उन्हाळ्यात कमिटीने कुणाला तरी काम देऊन जेसीबीने तिथली घाणेरी, निर्गुडी, तरवड, करवंदाच्या जाळ्या सगळं मुळासकट उपटून काढलं, का तर साप येतात आणि फ्लॅट बघायला येणाऱ्यांना जंगल दिसतं. मग मुरमावर लाल माती पसरून लॉनच्या चटया अंथरल्या. फक्त एका टोकाला ट्रान्सफॉर्मर आहे, तिथे जेसीबी घालता येईना म्हणून झुडपं तशीच राहिली. म्हणजे उतार एक, मुरूम तोच, पाऊसही तोच. मुद्दाम असा प्रयोग करायला मागितला असता तर कोणी उभं केलं नसतं!

रात्री जोरदार पाऊस झाला आणि सकाळी लॉनच्या चटया वळकटी होऊन खाली पार्किंगमध्ये, त्यांच्या मागे सगळी लाल माती, दोन-तीन गाड्यांची चाकं अर्धी बुडालेली. उतारावर गुडघ्याएवढे खोल ओघळ. लॉनची मुळं जेमतेम बोटभर, ती खालच्या मुरमात शिरलीच नव्हती, पाणी बरोबर त्या दोन थरांच्या मधून घुसलं आणि सगळं घसरवत घेऊन गेलं.

आणि ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला? काही नाही. दोन्ही भागांच्या सीमेवर माती खचून सरळ कडा तयार झाली होती, तिथे जाऊन बसलो. निर्गुडीचं एक मूळ अंगठ्याएवढं जाड, मुरमाच्या फटीतून तिरकं आत गेलेलं, आणि त्याला फुटलेली तंतुमुळं, काही तर शिवायच्या दोऱ्याहून बारीक, प्रत्येक तंतूला मातीचे कण चिकटलेले. एक ढेकूळ ओढून बघितलं तर निघेना, जोर लावला तेव्हा तंतू तुटल्याचा बारीक कडकड आवाज आला. वर पालापाचोळ्याचा जाड थर, त्याच्याखालची माती ओली पण भुसभुशीत. आमच्या माळीमामांनी दोन्हीकडे एकेक बादली पाणी ओतून दाखवलं, उघड्या बाजूला ते लाल होऊन सुसाट खाली, झुडपाखाली मात्र बरंचसं तिथेच मुरलं. पानं थेंबाचा मार झेलतात, पाचोळा पाण्याचा वेग मारतो, जुन्या मेलेल्या मुळांच्या नळ्यांमधून पाणी आत उतरतं, हे सगळं एका बादलीत दिसलं.

चेअरमन काका रिटायर्ड सिव्हिल इंजिनियर, म्हणाले मुळांनी असा काय फरक पडतो, उताराच्या पायथ्याची भिंतच वाढवू. मी म्हटलं काका, काँक्रीट दाब घेतं पण ताण घेत नाही म्हणून तुम्ही सळई घालता ना, मातीचंही तेच, मुळं म्हणजे तिची सळई. यावर ते जरा गप्प झाले.

आता झुडपं म्हणजे जादू असंही नाही. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यात माळीण गाव दरडीखाली गेलं, तशी डोंगराचा मोठा भाग खोलातून सुटणारी दरड झुडपांनी थांबत नाही, त्यांची बहुतेक मुळं वरच्या मीटरभरात असतात. पण पावसाने वरचा थर धुपणं, ओघळ पडणं, हे ती नक्की रोखतात. आणि घाणेरी ठेवा असंही मी म्हणत नाही, ती बाहेरून आलेली, दुसरं काही उगवू देत नाही, पण उतारावर ती टप्प्याटप्प्याने काढायची, आधी शेजारी दुसरं काही रुजवायचं. एकदम जेसीबी लावला की मुळांबरोबर मातीही सुटते.

ठरलं ते असं. चटया परत नाहीत. उतारावर काथ्याची जाळी खुंट्या मारून ताणायची, आडव्या ओळीत वाळा, मधेमधे निर्गुडीच्या फांद्या टोचायच्या. पावसाळ्यात फांदीला सहज मुळं फुटतात, वर शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, आणि मागच्या टेकडीवर शेळ्या येतात बरं का. ओघळात दगड रचून पाण्याला बाजूच्या गटाराकडे वाट. भिंतीच्या मागे पाणी निघायची भोकं होतीच, ती सिमेंटने बुजवलेली निघाली, कोणी आणि का ते विचारूच नका.

मीटिंगमध्ये खर्चावर कोणी बोललंच नाही, सगळा वेळ सापांवर गेला. शेवटी भिंतीलगत पाच फूट पट्टा साफ ठेवायचा, तिथे झुडूप नाही, पाचोळा नाही, कचरा नाही म्हणजे उंदीरही नाहीत, या अटीवर बी विंगच्या काकूंनी होकार दिला आणि माझं कोटेशन पास झालं.