चौदाव्या गटातले शब्द

मंगळवार, रात्र

डाव्या पायाच्या दुखण्याला इंग्रजी नाव मिळून बरेच दिवस झाले. सायटिका. आज फिजिओथेरपिस्टने हातात एक कागद ठेवला. त्यावर वेदना सांगणारे ७८ इंग्रजी शब्द, २० गटांत. प्रत्येक गटातला फार तर एक निवडायचा, आपला नसेल तो गट सोडून द्यायचा. इतकी वर्षं इंग्लंडात काढली, इंग्रजीत बिलावरून भांडते, स्वप्नंसुद्धा अधूनमधून इंग्रजीत पडतात. तरी पेन्सिल हातात धरून नुसती बसून राहिले. मला नक्की काय होतंय?

या कागदाला मॅकगिल प्रश्नावली म्हणतात. घरी आल्यावर तिच्याबद्दल वाचत बसले, कारण बसण्यापलीकडे काही जमत नव्हतं आणि बसणंही फारसं जमत नव्हतं. रोनाल्ड मेलझॅक हे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ. तरुणपणी अमेरिकेत ओरेगनमध्ये काम करताना ते रुग्णांच्या तोंडचे वेदनेचे शब्द टिपून ठेवू लागले. पुढे वॉरन टॉर्गरसन यांच्यासोबत त्यांनी १०२ शब्दांची वर्गवारी केली आणि डॉक्टर, रुग्ण, विद्यार्थी अशा सगळ्यांना विचारलं, यातला कुठला शब्द जास्त दुखरा? तो लेख १९७१ चा, प्रश्नावली १९७५ ची. गटातले शब्द चढत्या क्रमाने मांडलेत. सातव्यात, भाजण्याच्या गटात, आधी हॉट, मग बर्निंग, मग स्कॉल्डिंग, शेवटी सिअरिंग. मला हे फार आवडलं. दुखण्याला दहापैकी आकडा द्यायला सांगतात तेव्हा मी नेहमी सहा म्हणते. पाच म्हटलं तर कुणी लक्ष देणार नाही आणि सात म्हटलं तर नाटकं वाटतील. शब्दांशी असली घासाघीस करावी लागत नाही.

मी शूटिंग (कळ जाणं), बर्निंग (आग होणं), टिंगलिंग (मुंग्या येणं) निवडले. फिजिओ म्हणाली, हे तिन्ही नसेच्या दुखण्याकडे बोट दाखवतात. डल, एकिंग, म्हणजे मंद, ठणकणारं असं काही असतं तर स्नायू किंवा सांध्यांचा विचार आधी केला असता. संध्याकाळी आईला फोन केला, तर तिने न विचारता तीच तपासणी सुरू केली. "अगं, ठणकतंय का कळ जाते? मुंग्या येतात? का नुसती आग होते?" मी म्हटलं, आई, तुला मॅकगिलला पाठवायला हवं. "कुठं?" म्हणाली, आणि मग निर्गुडीच्या पाल्याने शेकायला सांगितलं. तो मी बर्मिंगहॅममध्ये कुठून आणू?

पाचव्या गटात 'नॉइंग' आहे, म्हणजे कुरतडणारं. विसाव्यात 'नॅगिंग' आहे, सारखी भुणभुण लावणारं. पहाटेचं माझं दुखणं अगदी तसं असतं. तिसऱ्यातला 'लॅन्सिनेटिंग', म्हणजे भोसकल्यासारखं, मात्र मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. रुग्णांकडून शब्द गोळा करायला निघालेल्या यादीत हा नक्की डॉक्टरांनी घुसवला असणार!

खरी अडकले चौदाव्या गटाशी. पनिशिंग, ग्रुएलिंग, क्रूएल, व्हिशस, किलिंग. पहिल्या दहा गटांत पाय कसा दुखतो ते सांगायचं होतं. इथे अचानक पायामागे कुणीतरी उभं आहे, दुष्ट, शिक्षा देणारं. आणि हे इंग्रजीत फार जुनं आहे. 'पेन' (देवनागरीत लिहिलं की बिचाऱ्याची लेखणी होते) हा शब्दच लॅटिन 'पीना'वरून फ्रेंचमार्गे आला, आणि पीना म्हणजे दंड, शिक्षा. 'पेनल्टी'ही त्याच घरातली. 'एक्सक्रूशिएटिंग'च्या (असह्य दुखणाऱ्याच्या) पोटात तर क्रूस आहे, सुळावर चढवणाऱ्या रोमनांचा. 'अँग्विश' (तीव्र यातना) अरुंदपणातून आला, चिंचोळ्या जागेत जीव कोंडल्यासारखा. 'सफर' (सोसणं) म्हणजे मुळात खालून ओझं पेलणं, आपल्या हमालासारखं. आजी असती तर म्हणाली असती, भोग आहेत बाई, भोगूनच संपवायचे. म्हणजे शिक्षेची शंका आपल्याकडेही आहेच, फक्त आपण ती मागच्या जन्मावर ढकलतो आणि मोकळे होतो. मी चौदावा गट रिकामा सोडला. माझ्या पायाने कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

गुरुवार

सर्जनचं पत्र आलं. मणक्यातली गादी सरकून नस दाबली जाते आहे, ऑपरेशन करता येईल, थांबूनही बघता येईल, बऱ्याच जणांचं आपोआप कमी होतं. निर्णय तुमचा.

दोन दिवस वेदनेच्या शब्दांत घालवले, पण खरं छळतंय ते हे. आणि यासाठी इंग्रजीने काय ठेवलंय बघा. डिली-डॅली. शिली-शॅली, जो 'शॅल आय? शॅल आय?' यातून तयार झाला. हेमिंग अँड हॉइंग. सगळे बडबडगीतातले शब्द! वेदनेला लॅटिनचा भरजरी पोशाख आणि दुविधेला विदूषकाची टोपी. ठाम माणसांनी घडवलेले शब्द वाटतात हे, बाहेर उभं राहून हसणाऱ्यांचे. आपलं तळ्यात-मळ्यात त्याच जातीचं. पण आपल्याकडे घालमेलही आहे, आणि घालमेल म्हटल्यावर कुणी हसत नाही.

'डिदर' मात्र मी त्यातून बाहेर काढते. आज तो धरसोड करणाऱ्याला चिडवायला वापरतात, पण त्याचा जुना अर्थ नुसता थरथरणं असा होता. 'हेझिटेट'च्या मुळाशी चिकटून बसणं, अडकणं आहे. हे आतून आलेले शब्द आहेत. रात्री पत्र पुन्हा उघडते तेव्हा हसण्यासारखं काही नसतं. ऑपरेशन म्हटलं की टेबलावर पालथी पडलेली मी दिसते, थांबू म्हटलं की जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर कठडा धरून उभी असलेली.

ऑफिसात ग्लासगोची एक सहकारी आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे तू 'स्विदरिंग' करते आहेस. हा स्कॉटिश शब्द, निर्णय होत नसलेल्या माणसासाठी. तिच्या तोंडी त्यात टिंगल अजिबात नव्हती; बाहेर पाऊस आहे म्हणावं, तितक्या सहज म्हणाली आणि चहा आणायला गेली.

शुक्रवार

हॉस्पिटलातून फोन. सेक्रेटरीने विचारलं, काय ठरलं? म्हटलं, आय ॲम स्विदरिंग. क्षणभर गप्प झाली, मग स्पेलिंग विचारलं. मी सांगितलं. तिने लिहून घेतलं असावं, टाइप केल्याचा आवाज आला. पुढच्या महिन्यातली एक तारीख धरून ठेवते म्हणाली, नको असेल तर आठवडाभर आधी कळवा.