हेन्रीने न सांगितलेली गोष्ट

‘कोलंबो’ या अमेरिकी मालिकेत खून कोणी केला हे सुरुवातीलाच दाखवून टाकतात आणि उरलेला सगळा वेळ मळकट रेनकोटातला तो लेफ्टनंट खुन्यापर्यंत कसा पोहोचतो, हे पाहण्यात जातो. त्यामुळे तिचे भाग पुन्हा पाहताना काहीच बिघडत नाही. ‘फरगॉटन लेडी’ हा १४ सप्टेंबर १९७५ रोजी प्रथम दाखवला गेलेला भाग मी नुकताच तिसऱ्यांदा पाहिला. आधीच्या दोन्ही वेळी माझे लक्ष कोलंबोच्या चातुर्याकडे होते. या वेळी मात्र ते त्या घरातल्या नवराबायकोवरून हलेना, कारण मध्यंतरीच्या काळात आमच्याही घरात जवळपास तेच घडून गेले होते. (हा भाग ज्यांना पाहायचा आहे, त्यांनी पुढचे आत्ता वाचू नये.)

ग्रेस व्हीलर ही एकेकाळची नृत्यपटांची तारका. तिला आपला जुना नायक नेड डायमंड याच्याबरोबर पुन्हा रंगमंचावर उभे राहायचे आहे. त्यासाठी लागणारा पैसा तिच्या नवऱ्याकडे, म्हणजे निवृत्त डॉक्टर हेन्री विलिस याच्याकडे आहे आणि तो द्यायला हेन्री तयार नाही. तो चिडत नाही, कारणही नीटसे सांगत नाही. आता हे सगळे पुरे, एवढेच त्याचे म्हणणे. ग्रेस त्यातून जो अर्थ काढते तो कोणीही काढला असता: ह्याला माझे पुन्हा नाव झालेले नको आहे, मी ह्याच्याबरोबर घरात म्हातारी व्हावे एवढेच ह्याला हवे आहे.

या भागातल्या वयांचा हिशेब मोठा बोलका आहे. ग्रेसचे काम करणारी जॅनेट ली तेव्हा अवघ्या ४८ वर्षांची होती, नेड झालेला जॉन पेन ६३ वर्षांचा होता आणि हेन्री झालेले सॅम जॅफी ८४ वर्षांचे होते. तरीही ‘विस्मृतीत गेलेली’ ठरते ती ग्रेसच. तिच्या घरातल्या खासगी पडद्यावर जो चित्रपट दिसतो, तोही जॅनेट लीचाच १९५३ सालचा खराखुरा चित्रपट आहे. पडद्यावर गिरक्या घेणाऱ्या त्या तरुण मुलीकडे भान हरपून पाहणारी ही प्रौढ स्त्री दिसते, तेव्हा वाढत्या वयाबद्दल वेगळे संवाद लिहिण्याची गरजच उरत नाही.

खुनाची युक्ती साधी आहे. रोज रात्री हेन्रीला जे दूध दिले जाते त्यात ती झोपेच्या गोळ्या मिसळते, चित्रपट सुरू असताना वर जाऊन त्याला गोळी घालते, ती आत्महत्या वाटावी म्हणून खोलीला आतून कडी लावते आणि सज्जातून झाडावरून खाली उतरते. तेवढ्यात इकडे फिल्म तुटते. पावणेदोन तासांच्या चित्रपटाला त्या रात्री दोन तास लागले आणि तुटलेली फिल्म जोडायला तर काही मिनिटे पुरतात, मग बाकीची मिनिटे गेली कुठे, हे कोलंबोच्या डोक्यातून जात नाही. विनोदी पुस्तक वाचत पडलेला माणूस तसाच उठून आत्महत्या करतो, हेही त्याला पटत नाही.

खरा धक्का पुढे आहे. हेन्रीच्या कागदपत्रांत एका रुग्णाचा अहवाल सापडतो आणि त्यावरचे नाव ग्रेसने पडद्यावर केलेल्या एका भूमिकेचे असते. ग्रेसच्या मेंदूत शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला विकार होता, तिची स्मृती झिजत होती आणि तिच्या हाती फार तर महिना-दोन महिने उरले होते. (आजाराने स्मरणशक्ती पोखरलेली बाई इतका नेटका बेत पार पाडते, हे मला आजही पटत नाही, पण ते असो.) तालमींचा ताण तिला झेपला नसता म्हणून हेन्री नकार देत होता आणि तिला कळू नये म्हणून कारण देत नव्हता. त्याची माया खरी होती. तिला दिसली ती मात्र निव्वळ आडकाठी.

आमच्या आत्याला नर्मदा परिक्रमेला जायचे होते, बसने जाणाऱ्या एका मंडळाबरोबर. तिचे रिपोर्ट आल्यावर आतेभावाने आम्हा सगळ्यांना बजावले होते की आईला काही कळू द्यायचे नाही. तिला सांगितले गेले ते एवढेच, की या वर्षी नको, पुढच्या वर्षी बघू. त्यानंतर एकदा मी भेटायला गेले असता तिने मला स्वयंपाकघरात ओढून हळूच विचारले, “अगं, पैसे माझेच आहेत ना? मग ह्याला का जड जातंय?” मी चहाच्या आधणाकडे पाहत राहिले. पुढे तिने कपाटाच्या किल्ल्या कमरेला खोचायला सुरुवात केली आणि सूनबाईंनी पासबुक मागितले तर ते सापडेनासे व्हायला लागले. आत्या गेल्यावर तिच्या मुदतठेवीच्या पावत्या तांदळाच्या डब्याच्या तळाशी निघाल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळून रबर लावलेल्या. रिपोर्टांची फाइल माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलामागे होती. दोन खोल्यांच्या त्या घरात आई आणि मुलगा वर्षभर एकमेकांपासून असे काही ना काही लपवत होते.

‘फरगॉटन लेडी’चा शेवट फार गाजलेला आहे. भाड्याचा सूट घालून चित्रपट पाहायला आलेला कोलंबो ग्रेससमोर सगळी साखळी जुळवून मांडतो, ती गोंधळते, कारण आपण काय केले हेच तिला आता आठवत नाही, आणि तेवढ्यात नेड खून आपणच केल्याचे सांगून मोकळा होतो. ही कबुली खोडून काढायला वेळ लागणार नाही, असे कोलंबो त्याला म्हणतो. दोनेक महिने लागतीलही, असे नेड उत्तर देतो, आणि कोलंबो क्षणभर थांबून ते मान्य करतो. लोक या प्रसंगाला करुणेचा कळस म्हणतात. या वेळी मला त्यात हेही दिसले की हेन्रीच्या जागी आता नेड आणि कोलंबो आले आहेत आणि ग्रेसला काय कळावे, हे पुन्हा तिच्या पाठीमागेच ठरते आहे. निदान त्या घडीला तिला सांगून तिच्यापर्यंत काही पोहोचले नसते. हेन्रीकडे मात्र तसा वेळ होता; पैसे मागायला येणारी ग्रेस त्याच्याशी चांगली भांडू शकत होती, म्हणजे तिला ऐकूही आले असते आणि समजलेही असते.

हा भाग आतेभावाला पाहायला पाठवावा, असे तो पाहून झाल्या झाल्या वाटले होते. मग त्याच्या मनाला लागेल म्हणून मी तो पाठवला नाही. परवा फोनवर मालिकांचा विषय निघाला, तेव्हा मी दुसऱ्याच एका मालिकेचे नाव सांगितले.