आमची वाटचाल : स्लाइड पाहिल्याशिवाय थेंब नाहीत

कुत्र्यामांजरांचे फक्त कान आणि त्वचा पाहणारा दवाखाना काढतो म्हटल्यावर बरोबरीचे डॉक्टर विचारत, "लसी नाहीत, नसबंदी नाही, मग भाडं कशातून भरणार?" मी आणि माझा वर्गमित्र, आम्ही दोघांनी तरीही काढला. भांडवल म्हणजे एक वापरलेला मायक्रोस्कोप, कानात बघायचा एक ओटोस्कोप, त्याच्या टोकाला लावायचे तीन मापांचे शंकू आणि स्टेनच्या, म्हणजे नमुना रंगवायच्या द्रवाच्या, तीन बरण्या. त्या मायक्रोस्कोपची शंभरची लेन्स मी आजही स्वतः पुसतो. तेल न पुसता कोणी तशीच ठेवली, तर त्याला माझं ऐकून घ्यावं लागतं.

नियम पहिल्या दिवशीच ठरला होता. दोन्ही कानांतले स्वाब, म्हणजे कापसाच्या काडीवरचे नमुने, वेगवेगळे घ्यायचे, स्लाइडवर फिरवायचे, तीन बरण्यांत बुडवायचे आणि आधी बघायचं. मॅलासेझिया नावाचं यीस्ट असेल तर बुटाच्या तळव्याचे ठसे दिसतात. कॉकाय, म्हणजे गोल जिवाणू असतील तर उपचार वेगळा. काड्यांसारखे जिवाणू दिसले तर स्यूडोमोनास या चिवट जातीची शंका येते आणि कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून तपासायला, पाठवल्याशिवाय मी अँटिबायोटिक ठरवत नाही. मांजराच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखी घाण असेल तर ती तेलाच्या थेंबात ठेवून बघायची. ओटोडेक्टिस, म्हणजे कानातला किडा असेल तर पाय हलवताना दिसतो. या सगळ्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. तेवढी मिनिटं वाचवण्यापायी कित्येक कान वर्षानुवर्षं चुकीच्या थेंबांवर काढले जातात.

एक काकू पहिल्याच महिन्यात आल्या. बरोबर स्पॅनियल मादी, आणि पिशवीत थेंबांच्या अकरा बाटल्या, सगळ्या अर्ध्या. दर दोन महिन्यांनी कान पुन्हा वाहायचा, पुन्हा नवी बाटली. कान का बिघडतो, हे कोणी विचारलंच नव्हतं. मी पंजे उचलून पाहिले. चाटून चाटून केस गंजासारखे तांबूस झालेले, जांघा लाल. कुत्र्यांचे कान वारंवार बिघडतात त्यामागे बहुतेक वेळा अॅलर्जीच असते. यीस्ट आणि जिवाणू नंतर येऊन बसतात. ते काढून टाका, अॅलर्जी तशीच ठेवा, म्हणजे दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

मी त्यांना आठ आठवड्यांची आहारचाचणी सांगितली. पूर्वी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन, बाकी काही म्हणजे काही नाही, चवीची जंतांची गोळीसुद्धा नाही. काकूंनी वही घातली. रोजचं खाणं, किती वेळा कान खाजवला, किती वेळा डोकं झटकलं, सगळं. सहाव्या आठवड्यात कळलं की शेजारचं मूल तिला गुपचूप बिस्किटं देत होतं. काकू एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, पहिल्या दिवसापासून धरू या." दुसऱ्या खेपेला आठव्या आठवड्यात कान कोरडे होते. मग जुनं खाणं मुद्दाम परत दिलं, आणि चौथ्या दिवशी खाज हजर. चिकन. निदान असं होतं, याहून सोपी वाट नाही.

आणि नेमकी सोपी वाट विकणारे आमच्यासमोर येऊन बसले. मोठा दवाखाना, काचेचा दरवाजा. केसांचा झुपका पाकिटात घाला, आठवड्यात अॅलर्जीच्या चाळीस पदार्थांची यादी हातात. आमच्या आठ आठवड्यांसाठी कोण थांबणार? वर्गमित्र म्हणाला, आपणही ती चाचणी ठेवू. मी नाही म्हटलं. तो आपला वाटा घेऊन बाहेर पडला आणि सहा महिन्यांत त्याच काचेच्या दरवाजाआड बसला. व्हिडिओ ओटोस्कोप दोघांच्या सहीने कर्जावर घेतला होता. हप्ते माझ्या एकट्याच्या गळ्यात. एक अख्खा हिवाळा आठवड्याला सात-आठ जनावरं, त्यांतली निम्मी जुनी. मदतनीस मुलीला दोन महिने अर्धा पगार दिला. तिने तो मुकाट्याने घेतला, हे मी विसरलेलो नाही. समोरून लोकांना सांगितलं जाई, "तिथे नुसते कान साफ करतात." हे वाक्य मी माझ्याच दवाखान्यात, बाकावर बसलेल्या एका गृहस्थाच्या तोंडून ऐकलं.

२०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अशाच केस-लाळेच्या चाचणीसाठी खऱ्या कुत्र्यांच्या नमुन्यांबरोबर खेळण्यातल्या प्राण्याचे खोटे केसही पाठवले होते. निकाल वेगळे ओळखता येईनात. मी तो छापून भिंतीला लावला. समोरून कोणी काही बोलायला आलं नाही, वर्गमित्रही नाही. त्या यादीपायी ज्यांचे महिने गेले, त्यांतल्या दोन कुत्र्यांच्या कानाची नळी दगडासारखी कडक होऊन बंद झाली होती. पूर्ण नळी काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी त्यांना पुढे पाठवलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

त्या हिवाळ्यात आम्हाला काकूंनी तारलं. तपासणी नसतानाही त्या येऊन बसत आणि नव्या माणसासमोर वही उघडत. पुढची वर्षं बरी गेली, हप्ते फिटले.

लिहितोच आहे तर सांगतो. कानात इअरबड घालू नका. कुत्र्याची नळी आधी खाली आणि मग आत वळते, मळ तुम्ही त्या वळणात ठासता. घरातली उरलेली बाटली परस्पर ओतू नका. पडदा फाटलेला असेल तर काही औषधं आतल्या कानाला इजा करतात; मांजरं तर त्याबाबत फारच नाजूक. वास गेला म्हणून औषध थांबवू नका, स्लाइड पुन्हा बघायला लावा. आणि थेंब घातल्यावर कानाच्या मुळाशी पचपच आवाज येईपर्यंत चोळा.

स्पॅनियल म्हातारी होऊन गेली, कान शेवटपर्यंत स्वच्छ होते. मागच्या महिन्यात काकू नवं पिल्लू घेऊन आल्या. कानाला काही नव्हतं, पंजे चाटतं म्हणून आणलं होतं. बरोबर नवी वही होती, आठ दिवसांची पानं भरलेली.